दगडावरचं एक की नऊ?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण, छपाईसाठी थोडं आवरून)

हातातलं काम चालू राहू द्या, भाजी निवडत ऐकलंत तरी चालेल. आज मी तुम्हाला एका दफनभूमीत घेऊन जाणार आहे. घाबरू नका, दिवसाउजेडी जाऊ आणि दिवेलागणीच्या आत परत येऊ.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. आता निवृत्त झालेय. आमच्या गल्लीत एक मावशी राहतात, वय ऐंशीच्या घरात. ख्रिस्ती कुटुंब. नाताळच्या करंज्या आमच्याकडे येतात, दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जातो, असं आमचं नातं. मागच्या पावसाळ्यानंतर एके दिवशी त्या मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही इतिहासाच्या ना? मग माझ्या आजीचा दगड वाचून द्या. गावच्या दफनभूमीत आहे. मी जायचे तेव्हा वाचता येत नव्हता, आता चालता येत नाही."

मी म्हटलं, त्यात काय, वाचू की. तेव्हा मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी एक सांगते. आपल्या नाशिकमध्ये घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटलं की पाय आपोआप रामकुंडाकडे वळतात. तिथल्या आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. आडनाव सांगा, गाव सांगा, वही उघडते. कोण कधी आलं, कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, सगळं त्यात असतं. जुनी पानं मोडीत. माझ्या सासरचं पान मी पाहिलंय. पणजोबा, खापरपणजोबा, सगळे ओळीने हजर. बायका मात्र शोधाव्या लागल्या. जिथे सापडल्या तिथे सासरचं नाव, माहेरचा पत्ता नाही. तरीही, निदान वही आहे.

मावशींच्या आजीची वहीच नाही. ती दुष्काळातली पोर. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, जुनी माणसं ज्याला ‘छप्पनचा’ म्हणत, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होतं. त्या दुष्काळात आईबाप गेले, आणि चारएक वर्षांची ही मुलगी एका मिशनच्या अनाथालयात पोचली. कुठल्या गावची, कुणाची, कोणत्या जातीची, काही माहीत नाही. तिथे वाढली, शिकली, एका मास्तरांशी लग्न झालं, त्यांच्याबरोबर खेड्यातल्या शाळेवर गेली आणि तिथेच वारली. तिच्या आयुष्याचा उघड्यावर असलेला एकच कागद, तोही दगडाचा.

अशा पोरांना आसरा देणारी ठिकाणं त्या काळी आपल्याकडे होती. त्यातलं एक तर आपण रोज तोंडाने घेतो. ‘शरणपूर रोडला रिक्षा थांबवा’ म्हणतो, पण शरणपूर म्हणजे काय हे विचारत नाही. शरण आलेल्यांचं पूर. चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशिकला १८३२ पासून होतं. पुढे १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यांनी शहराच्या पश्चिमेला, तेव्हाच्या माळरानावर, हे गाव वसवलं. चर्च, शाळा, अनाथालय, सुतारकीची आणि लोहारकीची शाळा असं ते छोटं गाव होतं. आता शहराने त्याला पोटात घेतलंय.

शरणपूरला आपल्याकडच्या अनाथ मुलांखेरीज आणखी काही मुलं होती, आफ्रिकेतली. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं इंग्रजांच्या आरमाराने पकडली की त्यातली माणसं सोडवून मुंबईला उतरवली जात. त्यातली बरीच मुलं-मुली शरणपूरला आली. इथे ती मराठी-हिंदुस्थानी ऐकत वाढली, इंग्रजी शिकली, हातात हत्यार धरायला शिकली. त्यांना नवी नावं मिळाली, आणि आडनावंही. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, करास फॅरर. प्राइस, आयझेनबर्ग, फॅरर ही तर इथल्या मिशनऱ्यांची आडनावं. म्हणजे पाहा, एखाद्या जुन्या दगडावर ‘प्राइस’ वाचलं तर तिथे गोरा साहेबच असेल असं नाही. पूर्व आफ्रिकेतून आईपासून तोडून आणलेला एखादा मुलगाही असू शकतो. दगडावरच्या नावावरून माणसाचा देश ठरवायची घाई करू नये, हा पहिला धडा.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रसिद्ध प्रवासी १८६५ मध्ये नाशिकला आला आणि इथल्या नऊ तरुणांना आफ्रिकेतल्या मोहिमेसाठी घेऊन गेला. त्या नावाजलेल्या मोहिमेत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणत. पुढे १८७२ मध्ये आणखी एक तुकडी गेली. तिच्यात जेकब वेनराइट नावाचा तरुण होता. हाही गुलामगिरीतून सुटलेला, शरणपूरला शिकलेला. १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबो गावी लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी ठरवलं, देह त्याच्या देशी पोचवायचा. त्यांनी काळीज एका झाडाखाली पुरलं आणि देह वाळवून, गुंडाळून, कित्येक महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. झाडाखाली काळीज पुरताना प्रार्थना म्हटली ती जेकबने. आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही जेकबनेच. लिव्हिंग्स्टनचं नाव, तारीख ४ मे १८७३, आणि तिघा सोबत्यांची नावं. स्वतःचं नाव त्याने कोरलं नाही.

पुढे १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झालं, तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्यांत हा जेकब होता. आपल्या शरणपूरचा विद्यार्थी! तिथल्या फरशीवर आज मोठा काळा दगड आहे. त्यावर लिहिलंय की निष्ठावंत हातांनी भूमी आणि सागर ओलांडून हा देह इथे आणला. हात कुणाचे ते दगड सांगत नाही. आणि गंमत म्हणजे त्या दगडावर मृत्यूची तारीख आहे १ मे. झाडावर ४ मे, दगडावर १ मे. मग खरी कुठली? नोंद करणाऱ्याने हा प्रश्न लगेच सोडवायचा नसतो. झाडावर काय होतं ते लिहायचं, दगडावर काय आहे ते लिहायचं. एकाला दुसऱ्यासारखं करायचं नाही. पुढे ते झाड किडलं, तेव्हा कोरलेला तुकडा कापून लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत नेला. अक्षरं वेळेत उचलली म्हणून राहिली.

हे सगळं मी मावशींना सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे साहेबाचं नाव तीनतीनदा लिहिलं गेलं. माझ्या आजीचं एकदा तरी नीट वाचा."

तर आम्ही गेलो. मंडळातल्या चौघीजणी आणि मावशींची नात, तिच्याकडे चांगला फोन. गावचं नाव मी सांगत नाही, तिथल्या माणसांना त्रास नको. आधी तिथल्या पाळकांना भेटून परवानगी घेतली. हे विसरू नका. दफनभूमी म्हणजे कुणाच्या तरी घरची माणसं, आपण पाहुण्या.

घायपाताचं कुंपण, आत घाणेरी माजलेली, मध्ये एक मोठं निंबाचं झाड. दगड तीन तऱ्हेचे. सगळ्यांत जुने काळ्या पाषाणाचे, आपल्या पाट्या-वरवंट्याच्या दगडाचे. त्यावरची अक्षरं पाथरवटाने खोल खणलेली, शंभर वर्षांनीही बोटाला लागतात. मग संगमरवरी पाट्या. त्या दिसायला देखण्या, पण पावसाने झिजलेल्या. काहींवर शिशाची अक्षरं बसवलेली होती, ती निघून गेलीत किंवा कुणी काढून नेलीत. उरलीत फक्त खिळ्यांएवढी भोकं. आणि तिसरे सिमेंटचे, ओल्या सिमेंटमध्ये काडीने लिहिलेले. गरिबाघरचे. त्यावर शुद्धलेखनाच्या चुका, ओळी वाकड्या, पण मला विचाराल तर सगळ्यांत जिवंत तेच. घरच्याच कुणीतरी, हात थरथरत असताना लिहिलेले.

आता काम कसं केलं ते सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल. आधी वहीत नकाशा काढला. फाटक कुठे, झाड कुठे, रांगा किती. प्रत्येक रांगेला अक्षर, प्रत्येक दगडाला आकडा. ज्या कबरीला दगडच नाही, नुसता उंचवटा आहे, तिलाही आकडा दिला. ती वगळली असती तर तिथे कुणी नव्हतंच असं झालं असतं.

मग साफसफाई. हौसेने आमच्यातल्या एकीने तारेचा ब्रश आणला होता. मी तो पिशवीत परत ठेवायला लावला. भांडं घासल्यासारखा दगड घासायचा नाही, ॲसिड लावायचं नाही, खडूने अक्षरं गिरवायची नाहीत. अक्षरांबरोबर दगडाची कातडी निघते. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि धीर. दगडफूल चढलेलं असतं, आपण मसाल्यात घालतो त्याच कुळातलं. ते खरवडायचं नाही. आणि दगड डुगडुगत असेल तर त्याला हातच लावायचा नाही, अंगावर आला तर आपलंच नाव लिहायची पाळी येईल.

खरी अडचण वेगळीच होती. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो, तेव्हा कितीतरी घरची माणसं येऊन कबरी झाडतात, चुना किंवा रंग देतात, मेणबत्त्या लावतात, झेंडू वाहतात. मायेनेच करतात. पण वर्षानुवर्षं चुन्यावर चुना, रंगावर रंग चढला की अक्षरांची खाच भरून जाते. प्रेमानेच नाव पुसलं जातं.

मग लिहून घेणं. दगडावर जशी ओळ, तशीच वहीत ओळ. चूक असेल तर चुकीसकट. ‘प्रभूमध्ये निजली’ हे ‘निजलि’ असं ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्वच. शाळामास्तरणीला हे फार जड गेलं, लाल पेन्सिल आठवत होती! वाचता न येणाऱ्या जागी टिंबं द्यायची आणि अंदाज असेल तर कंसात, प्रश्नचिन्ह लावून. एकीने वाचायचं, दुसरीने लिहायचं, तिसरीने लिहिलेलं परत दगडाशी ताडून पाहायचं. फोटो दोन, एक जवळून आणि एक शेजारचे दगड दिसतील असा.

दोन दिवसांत चाळीसेक दगड झाले. आणि मैत्रिणींनो, रांगा भरत गेल्या तशा तारखा बोलायला लागल्या. एका कोपऱ्यात १९१८ च्या ऑक्टोबरच्या कबरी शेजारी शेजारी होत्या. इन्फ्लुएन्झाची साथ, आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. मुंबई इलाख्यात तिने त्याच सुमारास सगळ्यांत जास्त माणसं नेली. पुस्तकात मी हे एका ओळीत शिकवलं होतं. इथे आई आणि दोन मुलं एका चौथऱ्यावर होती. आणखी एका दगडावर तरुण बाईचं नाव, खाली ‘व तिचे बाळ’. बाळाला नाव पडलं नव्हतं. आमच्यातली एकजण दाई होती पूर्वी, तिने तिथे बराच वेळ गवत उपटलं, नको तेवढं.

आता मावशींच्या आजीचा दगड. तो सापडला निंबाच्या झाडाखाली. काळा पाषाण, त्यावर जुना चुना. वरच्या ओळीत मास्तरांचं नाव, मग ‘यांची पत्नी’. एवढंच. तिचं नाव नाही. खाली ‘प्रभूमध्ये निजली’ आणि साल. मी बोट फिरवत वाचलं, एक, नऊ, चार, एक. १९४१.

नातीने तिथूनच मावशींना फोन लावला. फोनवर मावशी काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "बरं. म्हणजे मामेभाऊ म्हणत होता तेच खरं."

काय खरं, ते नातीने आम्हाला सांगितलं. मावशींचा जन्म १९४५ चा. त्यांना लहानपणीची एकच आठवण आहे. संध्याकाळी उंबऱ्यात बसून कुणीतरी म्हातारी बाई त्यांच्या केसांना तेल लावतेय, आणि तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं नाहीत. त्या लहानपणापासून म्हणत आल्या, ती माझी आजी. पण मुंबईच्या मामेभावाने कधीकाळी गावी जाऊन दगड पाहिला होता, आणि तो सगळ्यांना सांगायचा, आजी एक्केचाळीसला गेली, हिच्या जन्माआधी चार वर्षं. ही उगाच गोष्टी रचते. मावशींची आई लवकर वारली, विचारायला कोणी उरलं नाही. मग मावशींनी तो विषयच बंद केला होता. आणि आता मीही तेच वाचलं होतं.

मला त्या रात्री झोप आली नाही. वाचताना माझं बोट शेवटच्या आकड्याच्या खाली अडकल्यासारखं झालं होतं, ते मला आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारी चारनंतर गेलो. डोक्यावरच्या उन्हात खोदलेलं अक्षर दिसत नाही, सावलीच पडत नाही. उतरत्या उन्हात, बाजूने प्रकाश आला की खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून येतं. झाडाच्या सावलीत असेल तर आरसा घ्यायचा. आम्ही एकीच्या घरचा भिंतीवरचा आरसा नेला होता. दोघींनी तो उन्हात धरला आणि उजेड दगडावर आडवा टाकला. मऊ ब्रशने चुन्याचा सुटा थर पाण्याने निघाला तेवढाच काढला.

देवनागरीतला एक आणि नऊ तुम्ही डोळ्यांपुढे आणा. दोन्हींना वर गोल, खाली शेपूट. नऊला डावीकडे एक आकडी जास्त. ती आकडी चुन्याने भरली की नऊचा एक होतो. मग काय करायचं? त्याच दगडावर त्याच पाथरवटाने दुसरा नऊ कोरलेला असतो की, ‘एकोणीसशे’मधला. तो नीट दिसत होता. त्याची उंची, त्याची शेपूट, सगळं शेवटच्या आकड्याशी ताडलं. एकचा आकडा त्याने सरळ आणि आखूड काढला होता, शेवटचा आकडा मात्र पोट काढून बसलेला. आरसा जरा हलवला आणि आकडीची सावली दिसली. नात ओरडलीच, "नऊ आहे! नऊ आहे!"

पण इतिहासात एका साक्षीवर थांबायचं नसतं, आणि आपल्याला जे हवंय ते दिसलं की तर जास्तच जपायचं. पाळकांना विनंती केली. त्यांनी दफनाची जुनी नोंदवही काढली. तिच्यात मास्तरांची पत्नी, वय अंदाजे त्रेपन्न, साल १९४९. आणि तिथे तिचं नाव होतं, बाप्तिस्म्याचं. म्हणजे आजी गेली तेव्हा मावशी चार वर्षांच्या होत्या. केसांना तेल लावणारी बाई गोष्टीतली नव्हती.

संध्याकाळी मी स्वतः त्यांच्याकडे गेले. हे फोनवर सांगायचं नव्हतं. मी वही पुढे ठेवली, दोन्ही फोटो दाखवले, आणि आधी माझी चूक कबूल केली. मावशी रडतील असं वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी केसांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "ती बोटं जात्यात सापडली होती तिची. आईने सांगितलं होतं."

इथे गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. पण खरा वाद पुढेच झाला.

मावशी म्हणाल्या, नोंदवहीतलं नाव तिचं खरं नाव नव्हे. अनाथालयात यायच्या आधीचं, तिच्या आईने हाक मारलेलं नाव वेगळं होतं. ती ते विसरली नव्हती. आपल्या लेकीला तिने सांगितलं, आणि लेकीने मावशींना. तीन बायकांनी तोंडातोंडी जपलेलं नाव. "ते दगडाच्या नोंदीत लिहा," मावशी म्हणाल्या.

आमच्यातली एकजण, तीही माझीच जुनी विद्यार्थिनी, म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हणालात ना, दगडावर नाही ते लिहायचं नाही?"

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. "दगड लिहून घेणारे पुरुष होते, वही लिहिणारेही पुरुष. तिला कुणी विचारलं होतं?"

दोघींचंही बरोबर होतं. खूप बोलणं झालं आणि मग आम्ही वहीत तीन रकाने आखले. पहिला, दगडावर काय आहे. दुसरा, नोंदवहीत काय आहे. तिसरा, घरच्यांनी काय सांगितलं, कुणी सांगितलं आणि कधी. एकाची भेसळ दुसऱ्यात नाही. ते पहिलं नाव तिसऱ्या रकान्यात गेलं, मावशींच्या सहीसकट. इथे मी ते सांगत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. मग आम्ही आधीच्या सगळ्या दगडांची पानं पुन्हा काढली आणि तो तिसरा रकाना घेऊन गावात घरोघर फिरलो. तो भरून दिला तो बहुतेक म्हाताऱ्या बायकांनीच.

मैत्रिणींनो, बाईच्या नावाचं हे असंच असतं. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये एक मुलगी जन्मली. मनकर्णिका गोखले, घरात मनू. लग्नानंतर ती झाली लक्ष्मी. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पत्नी, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. १९३६ मध्ये त्या नाशिकलाच वारल्या. माहेरच्या कागदांत ‘लक्ष्मी’ शोधाल तर सापडणार नाही, सासरच्या कागदांत ‘मनू’ सापडणार नाही. त्यांनी स्वतः आपली गोष्ट लिहिली म्हणून दोन्ही नावं आपल्याला ठाऊक. ज्या लिहू शकल्या नाहीत त्यांचं काय?

आपल्या खेड्यापाड्यांत सतीशिळा असतात, पाहिल्या असतील. कोपरात वाकलेला हात, हातात बांगड्या. नाव बहुतेक नसतंच. कोकणातल्या नवगावला बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार जहाज फुटून बुडालेले त्यांचे पूर्वज पुरले आहेत, पुरुषांचा एक उंचवटा, बायकांचा एक. तिथेही नावं नाहीत, पण समाजाने जागा विसरू दिली नाही.

उलट बाजूही सांगते. ब्रिटिशांनी आपल्या मृतांची नोंद चिकाटीने केली. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात वारलेल्या आणि इथल्या छावण्यांच्या दफनभूमींत विखुरलेल्या अठराशेहून जास्त सैनिकांची नावं पुण्याजवळ खडकीच्या स्मारकावर कोरली आहेत, कारण सगळ्यांच्या कबरी राखणं शक्य नव्हतं. १९७६ मध्ये लंडनमध्ये एक संस्था निघाली, दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींची नोंद करायला. आजही तिकडून माणसं पणजोबांचा दगड शोधत येतात. मला त्यांचा हेवा वाटतो, राग नाही. ते आपल्या माणसांसाठी करतात. आपण आपल्यांसाठी करायला कुणी अडवलंय?

आणि हे फक्त ख्रिस्ती दफनभूमीपुरतं नाही. मुसलमान मैत्रिणींच्या कबरस्तानात साल हिजरी असेल. ते वर्ष चंद्राचं, आपल्या वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे नुसती बेरीज-वजाबाकी करून इसवी सन निघत नाही, तक्ता पाहावा लागतो. जुन्या मराठी दगडावर शक असेल तर त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा. गोसाव्यांच्या समाध्या, लिंगायत समाजाच्या, नाथपंथीयांच्या, सगळीकडे लिहिण्यासारखं आहे. रस्ता रुंद होतो, कुंपण सरकतं, जागा अपुरी पडते म्हणून जुन्या कबरीत नवं दफन होतं आणि जुना दगड भिंतीला टेकतो. एका गावी मी तसला दगड नळाजवळ पाहिलाय. त्यावर धुणं आपटत होते. पालथा घातलेला, म्हणून कुणाला कळलंच नव्हतं. धुणाऱ्या बाईला मी सांगितलं, तर बिचारीने पदर तोंडाला लावला, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच मुलांकडून तो उचलून परत नेला.

तर करायचं एवढंच. एक वही, एक मऊ ब्रश, पाण्याची बाटली, आरसा आणि दोन मैत्रिणी. परवानगी घ्या. दिसतं तेच लिहा. जिवंत माणसांचे पत्ते-फोन त्यात घालू नका. वही पूर्ण झाली की तिच्या तीन प्रती करा. एक दफनभूमी सांभाळणाऱ्यांकडे, एक गावच्या वाचनालयात, एक आपल्याकडे. आणि तिसरा रकाना आधी भरा. दगड अजून पन्नास वर्षं टिकेल, सांगणारी म्हातारी तेवढी टिकणार नाही.

मावशींनी आता आजीच्या कबरीवर छोटी पाटी लावायचं ठरवलंय. जुना दगड तसाच ठेवून, त्याच्या पायाशी. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहून घेतला. दोन्ही नावं आहेत, साल १९४९ आहे, आणि शेवटी नातीचं, म्हणजे मावशींचं स्वतःचं नाव. पाथरवटाला मी निक्षून सांगितलंय, नऊची आकडी जरा खोल काढ बाबा.

पुढच्या वेळी भेटू. तोवर तुमच्या आजीचं माहेरचं नाव कुणाला तरी विचारून ठेवा. नमस्कार.